जीनोममधल्या भरवशाच्या जागा

पोलादपूरच्या वर, रायगड, सातारा आणि रत्नागिरी हे तीन जिल्हे जिथे एकमेकांच्या जवळ येतात, तिथे सह्याद्रीच्या माथ्यालगत कुडपण आहे. समजा, या गावातल्या किंवा महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीतल्या माणसाच्या रक्ताचा नमुना संपूर्ण जीनोमच्या तपासणीसाठी मुंबईला किंवा पुण्याला गेला. काही आठवड्यांनी संगणकातून एक यादी बाहेर पडते. जगभर तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या संदर्भ जीनोमपेक्षा या माणसाचा जीनोम कुठे कुठे वेगळा आहे, त्याची ही यादी असते. तीत साधारण चाळीस ते पन्नास लाख नोंदी असतात. मुंबईच्या माणसाची यादी घ्या किंवा टोकियोच्या, आकडा याच घरातला असतो.

यांतले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात आणि एखादाच आजाराशी जोडलेला असतो. त्यामुळे डॉक्टर आणि संशोधक विचारतात की या फरकाचा अर्थ काय. पण त्याच्याही आधी एक प्रश्न उभा असतो. हा फरक त्या माणसात खरोखर आहे का, की तो वाचनाच्या पद्धतीतून उपजला आहे? आणि त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न: एखादा फरक माणसात आहे, पण यादीत आलेलाच नाही, असे तर झाले नाही?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या किमतीवर फारशी अवलंबून नसतात. ती अवलंबून असतात जागेवर. जीनोमच्या काही भागांत आजचे स्वस्त वाचन जवळजवळ बिनचूक असते, तर काही भागांत ते वारंवार फसते. कुठला भाग कुठल्या प्रकारचा आहे हे आधीच ठरवून ठेवणे, म्हणजे भरवशाच्या जागांची हद्द आखणे, हे गेल्या दहा-बारा वर्षांत जीनोमविज्ञानातले महत्त्वाचे काम होऊन बसले आहे. हे प्रकरण त्या कामाविषयी आहे.

दीडशे अक्षरांचे तुकडे

माणसाच्या जीनोमची लांबी सुमारे ३१० कोटी अक्षरे आहे. ए, सी, जी आणि टी एवढीच चार अक्षरे त्यात पुन्हा पुन्हा येतात. त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. हा सगळा मजकूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचणारे यंत्र अजून कुणाला बनवता आलेले नाही. सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत इल्युमिना या कंपनीच्या यंत्रांनी रूढ केली. तीत डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके वाचली जातात. एका टोकाची सुमारे १५० अक्षरे हाती येतात. या छोट्या वाचनाला ‘शॉर्ट रीड’ म्हणतात. जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जावी, असा प्रघात आहे. हिशोब केला तर त्यासाठी साठ कोटींहून अधिक रीड लागतात. अक्षर चुकीचे वाचले जाण्याचे प्रमाण हजारात एक किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे अक्षरे वाचण्यात यंत्र तरबेज आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते, वाचलेला तुकडा मुळात कुठला हे ठरवताना.

कुडपणच्या जाणत्या माणसाला पायवाटेच्या दीडशे पावलांचे छायाचित्र दाखवून ‘ही जागा कोणती?’ असे विचारा. चित्रात भीमाची काठी हा सुळका दिसत असेल, तर उत्तर क्षणात मिळेल. पण चित्रात नुसता गवताळ उतार आणि त्यावर कारवीची झुडपे असतील तर? असे उतार डोंगरभर आहेत. तो माणूस प्रामाणिकपणे दोन-चार जागा सांगेल आणि म्हणेल की यापुढे खात्री देता येत नाही. शॉर्ट रीडचे नेमके हेच होते. त्यातली १५० अक्षरे संपूर्ण जीनोममध्ये एकाच ठिकाणी सापडत असतील, तर त्याची जागा पक्की होते. तीच अक्षरे पाच ठिकाणी सापडत असतील, तर संगणकालाही मार्ग उरत नाही. बीडब्ल्यूए नावाचा प्रोग्रॅम जगभरातल्या प्रयोगशाळांत हे काम करतो. तो प्रत्येक रीडला शून्य ते साठ असे गुण देतो. जागा निश्चित असेल तर साठ गुण, आणि दोन जागा सारख्याच लागू पडत असतील तर शून्य.

त्यानंतर फरक ओळखले जातात. एखाद्या जागेवरच्या तीस रीडपैकी पंधरा रीड ‘ए’ म्हणतात आणि पंधरा ‘जी’, तर या माणसाला एका पालकाकडून ‘ए’ आणि दुसऱ्याकडून ‘जी’ मिळाला, असा निष्कर्ष निघतो. हे तर्कशास्त्र सरळ आहे, पण सगळे रीड खरोखर त्याच जागेचे असतील तरच ते चालते. दुसरीकडच्या जवळजवळ सारख्या मजकुराचे रीड तिथे येऊन बसले, तर नसलेला फरक दिसू लागतो. उलट, संशयास्पद म्हणून शून्य गुणांचे रीड बाजूला काढले, तर असलेला फरक नाहीसा होतो.

आपल्या जीनोममध्ये सारख्या मजकुराची कमतरता नाही. ‘अ‍ॅल्यू’ नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा एकच घटक दहा लाखांहून अधिक ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्याने जीनोमचा दहावा हिस्सा व्यापला आहे. सुदैवाने बहुतेक अ‍ॅल्यू लक्षावधी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हापासून त्यांच्यात इतके बारीक फरक साचले आहेत की बऱ्याचदा ते वेगळे ओळखता येतात. जास्त त्रास देतात ते हजारो अक्षरांचे मोठे भाग, जे उत्क्रांतीच्या ओघात अलीकडे दुप्पट झाले. जीनोमचा सुमारे ७ टक्के भाग अशा द्विरुक्तींचा आहे. तिसरा प्रकार एकसुरी मजकुराचा. ‘ए’ हे एकच अक्षर वीस-पंचवीस वेळा सलग येते, किंवा ‘सीए-सीए-सीए’ अशी लांब माळ लागते. तिथे अक्षरे मोजतानाच गफलत होते आणि एखाद्या अक्षराची भर पडल्यासारखी किंवा गळती झाल्यासारखी दिसते.

बॉम्बे रक्तगट: एक खरी नोंद, एक कोरी जागा

जागेचे हे महत्त्व पटवणारे उत्तम उदाहरण मुंबईच्या परळमध्येच सापडते. १९५२ साली केईएम रुग्णालयातले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटत होते, पण त्या माणसांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नव्हते. हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगाला माहीत झाला. ए आणि बी ही रक्तगटांची चिन्हे ‘एच’ नावाच्या मूळ रेणूवर उभी राहतात. ‘ओ’ गटाच्या माणसात हा एच रेणू असतो. बॉम्बे गटाच्या माणसात तोच नसतो, आणि त्यामुळे त्याचे शरीर एच असलेल्या कुठल्याही रक्ताला विरोध करते.

या गटाला नाव शहराचे मिळाले, तरी तेव्हाचे परळ-लालबाग म्हणजे कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्या माणसांची वस्ती होती. पुढच्या सर्वेक्षणांत हा गट पश्चिम आणि दक्षिण भारतात जास्त आढळला. भारतात त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगितले जाते, तर युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे.

यामागची जनुके १९९०च्या दशकात उलगडली. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एफयूटी१ आणि एफयूटी२ ही दोन जनुके शेजारी शेजारी आहेत. पहिले रक्तपेशींवर एच तयार करते, दुसरे लाळेसारख्या स्रावांत. त्यांच्याजवळच एसईसी१ नावाची त्यांचीच एक निकामी प्रतिकृतीही आहे. भारतीय बॉम्बे गटात सहसा दोन बदल एकत्र आढळतात. एफयूटी१मध्ये ७२५व्या अक्षराच्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ असतो. आणि एफयूटी२ हे जनुक जवळजवळ दहा हजार अक्षरांच्या पट्ट्यासह मुळातून गळालेले असते. ही गळती दोन अ‍ॅल्यू घटकांमुळे झाली. त्यांचा मजकूर सारखा असल्याने पिढ्यांपूर्वी कधीतरी गुणसूत्रांची जुळणी चुकली आणि मधला भाग निसटला.

आता बॉम्बे गटाच्या माणसाचा जीनोम शॉर्ट रीडने वाचला तर यादीत काय दिसेल? एफयूटी१मधला एका अक्षराचा बदल अगदी स्पष्ट दिसेल. त्याच्या आजूबाजूचा मजकूर ओळखण्याजोगा आहे, रीड नेमके तिथे बसतात आणि सगळे एकमुखाने ‘जी’ म्हणतात. ही नोंद भरवशाची. पण एफयूटी२चे काय? तिथे रीडच नाहीत. अक्षर-अक्षर ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ताडायला काही मिळत नाही, म्हणून तो काहीच लिहीत नाही. यादीतली ती जागा कोरी राहते. ज्याचे एफयूटी२ धडधाकट आहे आणि संदर्भाशी तंतोतंत जुळते, त्याच्याही यादीत ती जागा कोरीच असते. एक कोरेपण ‘सगळे ठीक आहे’ असे सांगते, दुसरे ‘इथे जनुकच नाही’ असे, आणि नुसत्या यादीवरून दोघांत फरक करता येत नाही. त्यासाठी त्या पट्ट्यात किती रीड पडले हे वेगळे मोजावे लागते. या मोजणीसाठी वेगळे प्रोग्रॅम आहेत, पण ते चालवायचे हे आधी कुणाला तरी सुचावे लागते.

जुळी जनुके

महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत आणि विशेषतः विदर्भात सिकलसेल हा मोठा प्रश्न आहे. त्याचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरच्या एचबीबी या जनुकात आहे. तिथे एका ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की हिमोग्लोबिनची रचना बदलते. ही जागा सोपी आहे आणि शॉर्ट रीडने ती बिनचूक वाचता येते. पण हिमोग्लोबिनचा निम्मा भाग ‘अल्फा’ साखळीचा असतो आणि तिची माहिती सोळाव्या गुणसूत्रावर आहे. तिथे एचबीए१ आणि एचबीए२ ही जुळी जनुके शेजारी शेजारी आहेत. दोघांपासून बनणारे प्रथिन एकच आहे आणि मजकूरही बहुतांशी तोच. या सारखेपणामुळेच त्यांच्यात गळती होते. ३,७०० अक्षरांचा तुकडा गळाल्याने दोन जनुकांचे एकच उरणे, हा प्रकार भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो.

हा प्रकार ओळखण्याचे महत्त्व दुहेरी आहे. सिकलसेलच्या रुग्णात अल्फाची ही गळती असेल, तर आजार बऱ्याचदा सौम्य राहतो. दुसरे असे की या गळतीमुळे होणाऱ्या अल्फा थॅलेसीमियाच्या वाहकाच्या रक्तपेशी लहान दिसतात, त्यामुळे तो लोहाच्या कमतरतेचा रुग्ण समजला जाऊ शकतो आणि त्याला गरज नसताना लोहाच्या गोळ्या चालू राहतात. पण नेमक्या याच जागी शॉर्ट रीडचे गुण शून्याकडे झुकतात. म्हणून रक्तविकारांच्या प्रयोगशाळा त्यासाठी गॅप-पीसीआरसारखी स्वतंत्र चाचणी वापरतात.

पाचव्या गुणसूत्रावरची एसएमएन१ आणि एसएमएन२ ही जोडी याहून कठीण आहे. एसएमएन१ गेले की स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा लहान मुलांचे स्नायू दुबळे करणारा गंभीर आजार होतो. त्यावरच्या जनुकीय औषधासाठी सुमारे १६ कोटी रुपये उभे करायची पालकांची धडपड महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचली आहे. एसएमएन२ जवळजवळ तसेच आहे, पण ते पुरेसे प्रथिन देत नाही. सातव्या एक्झॉनमधल्या एका ‘सी’च्या जागी तिथे ‘टी’ आहे, आणि एवढ्यानेच सारे बिघडते. त्या एका अक्षरापासून दूर पडलेला रीड कुठल्या जनुकाचा हे सहसा सांगता येत नाही. म्हणून या आजारासाठी जनुकाच्या प्रती मोजणारी एमएलपीए ही चाचणी करतात.

आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित पीएमएस२, बहिरेपणाशी संबंधित एसटीआरसी, गौशे रोगाचे जीबीए१, आणि अनेक औषधांचे शरीरात काय होते हे ठरवणारे सीवायपी२डी६ यांनाही असेच तोतये आहेत. कठीण जागा म्हणजे बिनकामाचा मजकूर, असे मानून त्या सोडून देता येत नाहीत, ते यामुळेच.

संदर्भातलीच चूक

तुलना ज्या संदर्भ जीनोमशी होते, तोही माणसांनीच जोडलेला आहे. आज सर्वाधिक वापरात असलेली जीआरसीएच३८ ही आवृत्ती डिसेंबर २०१३मध्ये आली. तिचा सुमारे ७० टक्के भाग एकाच अमेरिकन दात्याच्या डीएनएवर आधारलेला आहे. तिच्यात न वाचलेल्या मोठ्या फटी होत्या. २०२२मध्ये टी-टू-टी या आंतरराष्ट्रीय गटाने हजारो अक्षरे सलग वाचणाऱ्या लांब रीडच्या मदतीने पहिला सलग मानवी जीनोम प्रसिद्ध केला. त्यात जवळजवळ २० कोटी अक्षरांची भर पडली.

फटींपेक्षाही फसवी असते ती चुकीची भर. जीआरसीएच३८मध्ये एकविसाव्या गुणसूत्रावर सीबीएस या जनुकाची एक प्रत जोडणीच्या चुकीने दोनदा आली आहे. माणसात ही दुसरी प्रत नसतेच. पण संगणक संदर्भावर विश्वास ठेवतो. त्याला दोन जागा दिसतात, तो सीबीएसचे रीड दोन्हीकडे वाटतो, त्यांना शून्य गुण देतो, आणि होमोसिस्टिन्युरिया या चयापचयाच्या आजाराला कारण होणारे बदल निसटून जातात. २०२२मध्ये वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाच्या कठीण जनुकांवरच्या एका मोठ्या कामात सीबीएस, सीआरवायएए आणि केसीएनई१ ही अशीच जनुके म्हणून दाखवली गेली. संदर्भातली ही खोटी प्रत झाकली की तोच नमुना, तेच रीड, तोच प्रोग्रॅम घेऊन हरवलेले बदल पुन्हा दिसू लागतात.

चूक मोजायची कशी

एखादी नोंद चुकीची आहे हे ठरवायला खरे उत्तर माहीत हवे. ते आणायचे कुठून? यावर हेंग ली या संशोधकाने २०१४मध्ये एक सुंदर युक्ती वापरली. बीडब्ल्यूए हा प्रोग्रॅमही मूळ त्यांचाच. द्राक्षगर्भ हा गर्भधारणेतला एक विकार आहे. त्याच्या एका प्रकारात बीजांडातला आईचा डीएनए नाहीसा झालेला असतो आणि एकाच शुक्राणूचा डीएनए दुप्पट होऊन वाढू लागतो. त्यामुळे अशा पेशींत जीनोमच्या दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या असतात. मग अर्धे रीड ‘ए’ आणि अर्धे ‘जी’ असे तिथे कधीच दिसायला नको. दिसले, तर ती नोंद जवळजवळ नक्कीच चुकीची.

अशा पेशींच्या सीएचएम१ या वाणाचे शॉर्ट रीड तपासल्यावर दिसले की अक्षरांच्या भरतीच्या किंवा गळतीच्या खोट्या नोंदींपैकी ८० ते ९० टक्के नोंदी एकसुरी मजकुराच्या भागांत होत्या, आणि हे भाग जीनोमचे जेमतेम २ टक्के आहेत. कच्च्या यादीत दर दहा-पंधरा हजार अक्षरांमागे एक चूक होती. योग्य चाळण्या लावल्यावर ती एक ते दोन लाख अक्षरांमागे एक इतकी खाली आली, आणि तेही फारसे खरे फरक न गमावता. चुका सर्वत्र सारख्या पसरलेल्या नसतात, ठरावीक जागी दाटलेल्या असतात, हे यातून आकड्यांत समोर आले.

दुसरा मार्ग अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानकांच्या संस्थेने धरला. ‘जीनोम इन अ बॉटल’ या उपक्रमात मोजक्या माणसांचे जीनोम अनेक यंत्रांनी, अनेक पद्धतींनी पुन्हा पुन्हा वाचून त्यांची पक्की उत्तरपत्रिका तयार केली गेली. २०१५पासून हा डीएनए प्रमाणित नमुना म्हणून प्रयोगशाळांना मिळतो. त्या उत्तरपत्रिकेसोबत एक हद्दही येते: या भागांतली उत्तरे आम्हाला खात्रीने माहीत आहेत, बाकीच्या भागांत नाहीत. एका नमुन्याच्या पुढच्या एका आवृत्तीत ही हद्द जीआरसीएच३८च्या अलैंगिक गुणसूत्रांच्या सुमारे ९२ टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे.

यातली मेख ओळखली पाहिजे. एखादी कंपनी आपली अचूकता ९९.५ टक्क्यांहून जास्त आहे असे सांगते, तेव्हा तो आकडा सहसा या हद्दीच्या आतला असतो. सर्वांत कठीण जागा परीक्षेतून आधीच वगळलेल्या असतात. शिवाय ती हद्द त्या विशिष्ट माणसाची असते. पोलादपूरहून आलेल्या नमुन्यासोबत अशी कुठलीच हद्द आखलेली नसते. तिथे चुकीचे प्रमाण दहापट असू शकते.

कुणालाही लागू पडणारी हद्द

मग गरज उरते अशा हद्दीची, जी विशिष्ट माणसावर अवलंबून नाही. तसे प्रयत्न पूर्वीही झाले. काहींनी फक्त संदर्भ जीनोम पाहिला आणि त्यात एकदाच येणारा मजकूर सोपा ठरवला. काहींनी आधीचे शॉर्ट रीड कुठे नीट बसले ते पाहिले. पहिल्या पद्धतीत उणीव अशी की संदर्भात एकदाच आलेला पट्टा तुमच्या-माझ्या जीनोममध्ये दोनदा असू शकतो. तसे असेल, तर दोन्ही प्रतींचे रीड संदर्भातल्या एकाच जागेवर गर्दी करतात, साठ गुण मिळवतात आणि आत्मविश्वासाने खोटा फरक दाखवतात. दुसऱ्या पद्धतीत, ज्या साधनाची परीक्षा घ्यायची त्याच्याच मतावरून परीक्षेची हद्द ठरते.

या कोंडीतून वाट मिळाली ती लांब रीडमुळे. आता शेकडो माणसांचे जीनोम दहा-वीस हजार अक्षरांच्या लांब रीडमधून, संदर्भाची मदत न घेता, मुळापासून जोडले गेले आहेत. २०२५मध्ये हेंग ली यांनी असे शेकडो जोडलेले जीनोम एकत्र घेऊन नव्याने हद्द आखली. एखादी जागा सोपी म्हणायची, तर ती केवळ संदर्भात नव्हे, तर या साऱ्या माणसांत सोपी असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. या सोप्या भागांत जीआरसीएच३८चा ८८.२ टक्के हिस्सा येतो. प्रथिनांची माहिती असलेल्या भागांपैकी ९२.२ टक्के त्यात येतात. आणि क्लिनव्हार या सार्वजनिक संग्रहात आजाराला कारण म्हणून नोंदलेल्या बदलांपैकी ९६.३ टक्के.

हे आकडे दिलासा देणारे आहेत. स्वस्त शॉर्ट रीडवर बहुतेक ठिकाणी निश्चिंतपणे विसंबता येते आणि त्यासाठी महागड्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही. पण शेवटचा आकडा जपून वाचायला हवा. क्लिनव्हारमधले बदल मुख्यतः ज्या पद्धतींनी सापडले, त्यांना सोप्या जागाच नीट वाचता येत होत्या. कठीण जागांत आजार कमी आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे आपण कमी शोधू शकलो आहोत, एवढाच होतो.

या हद्दीत आपली माणसे

अनेकांच्या जीनोमवरून हद्द आखायची, तर ते अनेक कोण, हे महत्त्वाचे ठरते. ‘जीनोम इन अ बॉटल’च्या पहिल्या सात प्रमाणित जीनोमपैकी एक युरोपीय वंशाच्या स्त्रीचा, तीन एका अश्केनाझी ज्यू कुटुंबातले आणि तीन एका हान चिनी कुटुंबातले आहेत. ‘वन थाउजंड जीनोम्स’ प्रकल्पाच्या २६ समूहांत दक्षिण आशियातले पाच आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमधले तेलुगू व तमीळ. मराठी समूह त्यात नाही.

भारताने ही उणीव भरून काढायला सुरुवात केली आहे. जानेवारी २०२०मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प हाती घेतला. देशातल्या वीस संस्था त्यात एकत्र आल्या. ९ जानेवारी २०२५ रोजी दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांसाठी खुली झाल्याची घोषणा झाली. ही माहिती मुख्यतः शॉर्ट रीडची आहे. म्हणून तिच्या जोडीला, वेगवेगळ्या प्रदेशांतल्या आणि समाजांतल्या माणसांचे लांब रीडने मुळापासून जोडलेले जीनोम हवेत. कोणत्या पट्ट्याच्या जादा प्रती इथे आहेत आणि कोणते पट्टे इथे गळालेले आहेत, हे त्याशिवाय कळणार नाही. एफयूटी२ची गळती आपल्याकडे सापडली, ती लॅन्सेटमधल्या त्या निरीक्षणामुळे कुणीतरी इथल्या माणसांत शोधली म्हणून.

भारतीय जीनोम या कामात स्वतःहूनही मोठी मदत करू शकतात. आपल्याकडे बहुतेक विवाह जातीत होतात आणि काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. त्यामुळे अनेकांच्या जीनोममध्ये असे लांब पट्टे असतात, जिथे आईकडून आणि वडिलांकडून आलेला मजकूर एकच असतो, कारण तो एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. द्राक्षगर्भाची युक्ती इथेही लागू पडते. अशा पट्ट्यात मध्येच अर्धे-अर्धे रीड वेगळे बोलू लागले आणि तेच अनेक माणसांत त्याच जागी घडू लागले, तर ती जागा फसवी आहे असा रास्त संशय घेता येतो. निरोगी, हयात माणसांच्या जीनोमवरून वाचनाच्या चुका शोधण्याचा हा मार्ग आपल्या माहितीच्या साठ्यात आधीपासूनच आहे.

अहवाल हाती घेताना

ही सारी माहिती शेवटी एका कागदापर्यंत पोहोचते, आणि तो कागद एखाद्या कुटुंबाच्या हाती पडतो. तालुक्याच्या गावाहून मुंबईची वारी करून, पैसे जमवून तपासणी केलेल्या माणसाला दुसरी तपासणी परवडेलच असे नाही. म्हणून पहिल्याच वेळी योग्य प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आजाराला कारण म्हणून दाखवलेला बदल सोप्या भागात आहे का? नसेल, तर सँगर सिक्वेन्सिंग, एमएलपीए किंवा लांब रीड यांपैकी कशाने तो पडताळला? संशयित आजाराच्या जनुकांपैकी कोणती या पद्धतीने नीट वाचता येत नाहीत? त्या जागी किती रीड पडले? डॉक्टरांनी आणि जनुकीय समुपदेशकांनी हे प्रश्न प्रयोगशाळेला विचारावेत, आणि प्रयोगशाळांनी ते विचारले जाण्याची वाट न पाहता उत्तरे अहवालात छापावीत. भरवशाच्या भागांच्या याद्या मोफत उपलब्ध आहेत. त्या आपल्या नोंदींशी ताडून पाहायला संगणकाला काही मिनिटे लागतात.

सिकलसेलची चाचणी ‘नाही’ म्हणते तेव्हा ते ‘नाही’ खरे असते, कारण ती जागा वाचली गेलेली असते. अल्फा थॅलेसीमियाबद्दल किंवा स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीबद्दल सामान्य यादीतले मौन मात्र ‘नाही’ नसते. ‘आम्ही वाचले आणि दोष आढळला नाही’ आणि ‘आम्हाला इथे वाचता आले नाही’ ही दोन वाक्ये प्रत्येक अहवालात वेगवेगळी छापली गेली पाहिजेत. वाचता न आलेल्या जागेला निरोगी म्हणण्याचा अधिकार कुठल्याही प्रयोगशाळेला नाही, आणि ही अपेक्षा ठेवण्याचा हक्क कुडपणच्या माणसाला बोस्टनच्या माणसाइतकाच आहे.